दिनविशेषात नसलेली होडी

कार्डाचा एक कोपरा दुमडलेला होता, आणि अक्षर तिचंच – चौदा वर्षांपूर्वीचं, जरा उभट, नोकरीला नव्याने लागलेल्या माणसाचं. 'होडी उलटली. सतरा मृत्यू.' दरवर्षी या तारखेला ती हे कार्ड खणातून काढी, वाची आणि सगळ्यात मागे सरकवून देई. मग इतर कार्डं घेई – एका पुलाचं उद्घाटन, एका गणितज्ञाचा जन्म, कुठलासा तह – आणि सात चाळीसला माइकसमोर बसून आजचा दिनविशेष वाची. रेडिओ केंद्रात सगळे तिला तारीखबाई म्हणत, आणि ते तिला मनापासून आवडे. कुठलीही तारीख विचारा, तीन घटना आणि दोन वाढदिवस तिच्या जिभेवर.

ती होडी बाबांची होती. बाबा त्या दिवशी पोहून बाहेर आले. चौकशी झाली, शिक्षा झाली, ती भोगून घरी परतले, आणि पुन्हा कधी होडीत पाय ठेवला नाही. आता ते तिच्याकडेच राहतात, रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या रेडिओला कान लावून तिचा कार्यक्रम ऐकतात. त्यांना ऐकावं लागू नये म्हणून ते कार्ड मागे – इतकं साधं होतं सगळं... काल संध्याकाळपर्यंत.

काल जेवताना बाबा म्हणाले, "तुझ्या यादीत सगळ्यांचं येतं. माझ्या होडीतल्या माणसांचं कधी येत नाही."

तुम्हाला त्रास होईल म्हणून, ती म्हणाली.

बाबांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "मला, का तुला?"

आणि आता, हातात कार्ड घेऊन, तिला ते उत्तर लख्ख दिसत होतं – शेवटची फेरी, भरून आलेलं आभाळ, धक्क्यावर ताटकळलेली माणसं, आणि पुन्हा एक खेप नको म्हणून बाबांनी सगळ्यांनाच आत घेतलेलं. त्यांना लवकर घरी पोचायचं होतं. का, ते घरात कधी कुणी बोललं नाही. त्या दिवशी तिचा आठवा वाढदिवस होता. ती नवा झगा घालून उंबऱ्यावर बसली होती, बाबा अजून कसे येत नाहीत म्हणून रुसून...

तिने कार्ड मागे न सरकवता बाकीच्या कार्डांत ठेवलं आणि मजकूर नव्याने लिहिला. 'क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतलेली होडी.' तिथे पेन अडखळेल असं वाटलं होतं, नाही अडखळलं.

निर्मात्याने कागद चाळला, नाक मुरडलं. लोक चहा घेत असतात या वेळी, बुडालेली माणसं कशाला, त्यापेक्षा एखाद्या खेळाडूचा वाढदिवस टाका, असं त्याचं म्हणणं. खेळाडूही आहे, तिने शांतपणे सांगितलं, पाचव्या नंबरवर. आणि होडी आपल्याच नदीतली आहे. तो हसला. तारीखबाईंपुढे आम्ही काय बोलणार, म्हणत त्याने सही केली.

लाल दिवा लागला. ती वाचत गेली – पूल, तह, मग होडी, सतरा माणसं, त्यातली पाच एकाच घरातली – आणि तिचा आवाज चौदा वर्षांच्या सवयीने जिथे टेकायचा तिथे टेकला, जिथे थांबायचा तिथे थांबला. पाठोपाठ गणितज्ञ, मग खेळाडू. दिवा विझला. काचेपलीकडे कुणीतरी पुढचं गाणं लावलं.

घरी बाबांनी ऐकलं असेल... की रेडिओ बंद करून बाहेर जाऊन बसले असतील? तिला ठाऊक नव्हतं, आणि फोन करायची घाईही नव्हती. कानांवरचे हेडफोन तसेच ठेवून ती बसून राहिली. त्या दिवशी तुम्ही घाई केलीत ती माझ्यासाठी का, हे त्यांना विचारता येईल, असं तिला वाटलं. तेहेतीस वर्षं याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असंच ती धरून चालली होती, आणि आता बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं, की तिने कधी विचारलंच नव्हतं.