कडूबाच्या कार्डावरची तिसरी ताकीद

मित्रांनो, या जगात न्याय नावाची जी गोष्ट आहे ना, ती म्हणजे मी. निजाम गेला, त्याच्यामागून आलेले कैक साहेबलोक गेले. पण माणसाच्या कपाळी काय उमटवायचं, हे शेवटी माझ्याच हाती राहिलं. माझ्या एका स्पर्शानं भल्याभल्यांच्या पायांतलं बळ गेलेलं आहे.

मी एक जुना रबरी शिक्का आहे. उंची बोटभर. मूठ सागवानी, तिचाही टवका उडालेला. सध्या मुक्काम टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, सुकलेल्या आवळासुपारीच्या पुडीशेजारी.

माझा जन्म गुलमंडीजवळच्या एका बोळातला. तिथल्या कारागिरानं माझ्या पोटात अक्षरं उलटी कोरली. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी चुकलं. पण त्यानं मला शाई लावून जुन्या वर्तमानपत्रावर दाबलं, आणि मी सरळ उमटलो : 'ताकीद दिली. औरंगाबाद.' म्हातारा समाधानानं हसला. शिक्का तपासायचा तर रद्दी कागदावर तपासायचा, एवढी अक्कल त्या जेमतेम शिकलेल्या माणसाला होती.

मला घडवून घेतलं नानासाहेबांनी. मुकुंदवाडी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर त्यांची माल वाहणाऱ्या ट्रकांची कंपनी होती. नानासाहेब शिस्तीचे भोक्ते. नव्या ड्रायव्हरला सहा महिने कच्चं ठेवायचं, असा त्यांचा नियम. त्याच्या नावाचं एक पिवळं कार्ड काढायचं. कार्डावर तीन चौकोन. बारीकसारीक चूक झाली की एका चौकोनात मी. तिन्ही चौकोन भरले की माणूस घरी. सहा महिन्यांत भरले नाहीत तर पक्की नोकरी.

मला सांभाळायचे काकासाहेब. हेडक्लार्क. मान तिरकी करून लिहायचे आणि मला वापरण्याआधी तोंडानं हलकी फुंकर मारायचे. एवढं प्रेम मला पुन्हा कुणी दिलं नाही.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली आमच्याकडं कडूबा लागला. पैठणकडचा, मेंढपाळाच्या घरातला. वय चोवीस. त्यानं घरची सगळी मेंढरं विकून ट्रकचं लायसन काढलं होतं. म्हणजे ही नोकरी पक्की झाली नाही, तर मागं जायला कळपही उरला नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं कार्डाला हात लावून नमस्कार केला. माझ्याकडं पाहिलंही नाही. मला जरा लागलं ते.

दुसऱ्याच महिन्यात तो बियाण्याच्या गोण्या पोचवायला पाऊण तास उशिरा गेला.

"का रे कडूबा?" काकासाहेबांनी विचारलं.

"मेंढरं आडवी आली व्हती, साहेब."

"गाडीला हॉर्न नाही?"

"हाय की. पर हॉर्न दिला तर मेंढरू पळत नाय, चाकाखालीच शिरतं. म्या गाडी बंद केली, खाली उतरलो आन् हाकलली पलीकडं. एकशेबारा व्हती."

"तू मोजलीस?"

"सवय हाय, साहेब."

काकासाहेबांनी कार्ड पुढं ओढलं. "उशिराच्या कारणांत मेंढरं बसत नाहीत रे," ते म्हणाले. "टायर फुटला असता तर बसवलं असतं." आणि फुंकर मारून त्यांनी मला पहिल्या चौकोनात बसवलं.

चौथ्या महिन्यात दुसरी चूक. कडूबानं मालावरची ताडपत्री अशा गाठीनं बांधली की गोदामातल्या चार हमालांना ती सुटेना. कडूबा गेला होता झाडाखाली भाकरी खायला. हमालांनी विळ्यानं दोर कापला. तक्रार आली : कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान, दोर एक. नानासाहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी कडूबाला तसलीच गाठ मारायला लावली आणि सोडायला बसले. घाम आला, पण गाठ काही हलेना.

"ही सुटत का नाही?"

"सुटू नये म्हनूनच मारत्यात, साहेब. मेंढरं कोंडायच्या वाघराला मारतो आमी. रातीतून मेंढरांनी कितीबी ढकललं तरी जाळं हालत नाय."

"आणि सोडायची कशी?"

कडूबानं दोराचं एक टोक दोन बोटांत धरून मागं ओढलं. गाठ पाण्यासारखी सुटली. सगळ्यांनी 'वा' म्हटलं. नानासाहेबांनीही म्हटलं. मग सगळे आत आले, आणि दुसऱ्या चौकोनात मी उमटलो. कौतुक तोंडी होतं, मित्रांनो. ताकीद लेखी होती.

त्यानंतर कडूबा अंड्यांची गाडी असल्यासारखा ट्रक चालवू लागला. गेटमधून आत शिरताना दोनदा उतरून अंतर बघायचा. रामकिसन नावाचा जुना ड्रायव्हर त्याची चेष्टा करी. "अरं कडू, चालव की नीट! का गेटाला बी रामराम घालतोस?" कडूबा हसायचा नाही. सहा महिने भरायला पाच दिवस उरले, आणि त्याची आई सुगंधाबाई गावाकडून निरोप पाठवती झाली : 'पक्का झालास की मला न्यायला ये. मी बोचकं बांधून ठेवलंय.'

त्या दिवशी सकाळी काकासाहेबांनी कडूबाचं कार्ड कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. पक्क्या नोकरीचा हुकूम टाइप करायचा होता. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की माझ्या पॅडची शाई वाळली आहे. त्यांनी बाटलीतून नवी शाई ओतली. मला पॅडवर दाबलं. फुंकर मारली. आणि शाई नीट लागली की नाही हे बघायला, समोर जो कागद होता त्यावर मला टेकवलं.

छान उमटलो. इतका स्वच्छ मी आयुष्यात कधी उमटलो नव्हतो.

तिसऱ्या चौकोनात.

काकासाहेबांनी आधी थुंकी लावून बघितलं. मग खोडरबर घेतला. मग ब्लेडनं खरवडू लागले, तर कार्ड विरायला लागलं. थांबले. नुसतं 'चुकून उमटला' एवढं लिहून खाली सही केली असती तरी भागलं असतं. पण मित्रांनो, क्लार्कांचीही कार्डं होती, आणि ती थेट निवृत्तीपर्यंत चालायची. काकासाहेबांच्या कार्डावर आधीच दोन ताकिदी होत्या, आणि त्यांना निवृत्त व्हायला अकरा महिने होते. त्यांनी पेन उघडलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'किरकोळ.'

कडूबा संध्याकाळी आला. कार्ड बघून त्याला कळेचना.

"साहेब, हे तिसरं कशाचं?"

"किरकोळ आहे रे."

"व्हय, पर काय केलं म्या?"

"असतं काहीतरी. सगळं लक्षात राहतं का?"

"माझ्या राहतं, साहेब. दोन चुका हायेत. तिसरी करायची व्हती कवा, तुमीच सांगा. म्या गेटातून सुदिक उतरून गाडी आणतो."

काकासाहेबांनी मान तिरकी केली आणि काहीच न लिहिता लिहू लागले.

रामकिसन त्याला बाहेर घेऊन गेला, पण खिडकी उघडी होती. "येडा हायेस तू," तो सांगत होता. "चूक करायची तर माझ्यासारखी मोठी करावी. म्या गाडी विहिरीत घातली व्हती पिसादेवीकडं. पोलीस आले, पंचनामा झाला, साक्षी झाल्या. सहा महिने चौकशी चालली आन् सुटलो. कार्ड कोरं! बारक्या चुकीला चौकशी नसती, कडू. तिला नुसता शिक्का असतो."

दोन दिवसांनी सुगंधाबाई स्वतःच आली, बोचक्यासकट. मला हातात घेऊन तिनं उलटसुलट पाहिलं.

"ह्येच्यात काय लिवलंय, दादा?"

"ताकीद दिली, असं."

"तीनदा दिली?"

"हो."

"मग दिली ना? ऐकली त्यानं. ताकीद देऊन वर हाकलायचंच व्हतं, तर ताकीद कशापायी दिली? आमी मेंढराला बी हाक मारली तर ते माघारी यावं म्हनून मारतो."

काकासाहेबांनी तिच्या हातातून मला काढून घेतलं. तिच्या अंगठ्याला माझी शाई लागली होती. ती तिनं लुगड्याला पुसली आणि बोचकं उचललं.

कडूबा दुसऱ्या कंपन्यांत फिरला. सगळे कार्ड मागत. पहिल्या दोन चुका तो सांगे, लोक हसत. तिसरी विचारली की म्हणे, "ठाऊक नाय." इथं लोकांचं हसू थांबे. चूक केली ते चालतं, पण लपवतो म्हणजे माणूस बरा नव्हे. शेवटी तो दुसऱ्याच्या मेंढरांमागं राखणीला लागला. स्वतः विकलेल्यांतली काही त्यात होती, असं रामकिसन सांगत असे. रामकिसनवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही.

पुढच्या गोष्टीवर मात्र ठेवावा लागतो, कारण तिची फाईल मी पाहिली आहे. वर्षभरानं पैठण रोडवर कळप रस्ता ओलांडत होता. कडूबा हात वर करून उभा होता. समोरून आमचा ट्रक आला; चालवत होता कडूबाच्याच जागेवर घेतलेला नवा ड्रायव्हर. त्यानं हॉर्न दिला. सतरा मेंढरं चाकाखाली गेली.

चूक मोठी होती, त्यामुळं चौकशी झाली. कडूबानं साक्ष दिली : "हॉर्न द्यायला नको व्हता. गाडी बंद करायची असती." चौकशीच्या कागदावर शेरा पडला की, साक्षीदाराला याच कंपनीत तीन ताकिदी मिळालेल्या असून त्याचं म्हणणं भरवशाचं मानता येत नाही. ड्रायव्हर सुटला. त्याचं कार्ड कोरंच राहिलं. काकासाहेब तोवर सत्कार होऊन, नारळ घेऊन निवृत्त झाले होते.

ताडपत्री मात्र आमच्याकडं आजही कडूबाच्याच गाठीनं बांधतात. नानासाहेबांनी तशी सक्तीच केली. नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी ती शिकवतात. तिला 'कंपनीची गाठ' म्हणतात.

मग कॉम्प्युटर आले, आणि चुका माझ्याविना होऊ लागल्या. पुढं शहराचं नाव बदललं. माझ्या पोटात जुनंच कोरलेलं, त्यामुळं राहिलेलं थोडंफार कामही गेलं. चाळीस वर्षांत मी कुणाकुणाला ताकीद दिली, ते आठवत नाही. एकच उमटणं आठवतं. खणात अंधार असतो, आणि तो पिवळा चौकोन दिसत राहतो.

मित्रांनो, या वयात तुम्हाला मोठा उपदेश करायची माझी इच्छा होती. माणसाची पारख कशी करावी, दया आणि नियम यांचा मेळ कसा घालावा, असं बरंच जुळवून ठेवलं होतं. पण ते राहू द्या. एकच विनंती आहे. शाई उमटते की नाही हे बघायचं असेल, तर टेबलावर जुनं वर्तमानपत्र ठेवत चला.