‘येतो’ म्हणण्यास मनाई

शुद्धिपत्रांच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणण्यास मनाई होती. जो जातो त्याने ‘जातो’ म्हणावे, इतका साधा न्याय. शब्दकोशाच्या कचेरीत दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि उकार सरळ करण्यात या गृहस्थांची हयात गेली. पुस्तकाच्या शेवटी चुकांचे शुद्धिपत्र जोडतात. हे प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी जोडलेले असत. सहकाऱ्यांनी नाव ठेवले आणि ते चिकटले.

पाहुणा चपला पायांत सरकवत “बरं, येतो” म्हणाला की हे विचारत, “कधी?”

“म्हणजे?”

“आपण येतो म्हणालात. दिसता तर जाताना.”

पाहुणा ओशाळून हसे. ‘जातो’ म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. जो परत यायचा नाही त्याच्याच तोंडी ते शोभायचे. हळूहळू लोकांनी दोन्ही क्रियापदे टाळली, आणि ती टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणून मुळात येणेच सोडले. शुद्धिपत्रांनी याचा अर्थ भाषा सुधारली असा घेतला.

बायको मात्र बधली नाही. ती लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. किंचाळणाऱ्या तोंडात शांतपणे हात घालण्याची तिला सवय होती. रोज सकाळी ती “येते” म्हणे, हे आतून “जाते” म्हणत, आणि ती जिना उतरता उतरता मुद्दाम मोठ्याने ओरडे, “येते!”

मग तिच्या निवृत्तीचा समारंभ झाला. ती बोलायला उभी राहिली. आवाज जरा कापत होता. “तुम्हा सगळ्यांचे मी मनापासून धन्यवाद मानते...”

पहिल्या रांगेतून स्वच्छ उच्चार आला, “धन्यवाद देतात. मानतात ते आभार.”

सभागृह खदखदून हसले. तीही हसली. मग तिने हातातल्या कागदाची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली आणि खाली बसली. पुढचे भाषण कुणाच्याच कानी पडले नाही. ते निर्दोष होते की नाही, हे शुद्धिपत्रांनाही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी होती.

“ताईकडे चालले आहे,” ती म्हणाली. “जाते.”

“बरोबर,” शुद्धिपत्र म्हणाले.

जित्याची खोड. आयुष्यभराची चूक सुधारल्याचे समाधान दार लागेपर्यंत टिकले. त्यानंतर कोशातली ती नोंद आपसूक डोक्यात उलगडू लागली. त्यांनीच तपासलेली, मुखोद्गत. जाणे : निघणे, नाहीसे होणे, रंग उडणे, मरणे. वीजसुद्धा जाते, पण ती निदान येते. त्यांनी न्हाणीघर पाहिले. तिचा ब्रश नव्हता. हा पुरावा ग्राह्य नव्हता, कारण ती ब्रशाशिवाय कोपऱ्यावरही जायची नाही. पण घराची तिची किल्ली खुंटीवर लटकत होती. येणारे माणूस किल्ली नेते. प्रमेय सिद्ध झाले.

त्यांनी मेहुणीला फोन लावला. “ताई, ती पोचली?”

“पोचली.”

“काय म्हणाली? राहायला आले म्हणाली, की... राहायलाच आले?”

“भावजी, एका ‘च’साठी फोन केलात?”

“त्या ‘च’वर फार अवलंबून आहे हो.”

“मग या आणि तुमचं तुम्ही बघा. अक्षर तुमचं, बायकोही तुमची.”

ते पोचले तेव्हा ती टेबलाशी मटार सोलत बसली होती. बॅग कोपऱ्यात उभी होती, अजून न उघडलेली.

“काय चुकलं आता?” तिने मान वर न करता विचारले.

“तू ‘जाते’ म्हणालीस.”

“तुम्हीच ‘बरोबर’ म्हणालात.”

“ते चूक होतं.” हे वाक्य त्यांनी पूर्वी असंख्य वेळा उच्चारले होते, स्वतःबद्दल प्रथमच. “‘येते’ हे नुसतं क्रियापद नाही. ते वचन आहे.”

“एकवचन की अनेकवचन?” आतून ताई ओरडली.

शुद्धिपत्रांनी विचार केला. “द्विवचन.”

“मराठीत द्विवचन नसतं,” बायको म्हणाली.

“नसतं. तिथेच तर घोटाळा झाला.” ते घुटमळले. “आणि काल समारंभात तू जे मानत होतीस ते... मानू द्यायला हवं होतं.”

मटाराचा एक दाणा टणकन टेबलावरून खाली पडला. ‘चल’ म्हणावे, तर आज्ञार्थ. ‘चलतेस का’ म्हणावे, तर नकाराला दार उघडे. व्याकरणाने हात टेकले. शुद्धिपत्र उठले, चपला पायांत सरकवल्या आणि उंबऱ्यावर थबकले. ओठ दोनदा हलले.

“बरं,” ते म्हणाले, “येतो.”

“कधी?” बायकोने विचारले.

हा प्रश्न ऐकणाऱ्याला कसा लागतो, ते त्यांना आज उमगले. कान लालबुंद झाले. आत ताई हसण्याच्या नादात काहीतरी खाली पाडत होती.

“साधारण...” ते म्हणाले. हा शब्द त्यांनी कोशाबाहेर कधी वापरला नव्हता. “साधारण चहाच्या सुमाराला.”

“मग येताना रिकाम्या हाताने या,” ती म्हणाली. “जाताना बॅग उचलायची आहे.”