न वाजलेली टकटक

शेजारच्याची हुशारी आपल्या पोटात का दुखते, याचं उत्तर शरीरशास्त्राच्या पुस्तकात नाही. असतं तर योरुनने ते कधीच पाठ केलं असतं, कारण ते जाडजूड पुस्तक ती दुसऱ्यांदा वाचत होती.

योरुन त्रेचाळीस वर्षांची. नॉर्वेतल्या बेर्गन शहराच्या एका वृद्धाश्रमात अठरा वर्षं मदतनीस म्हणून तिने म्हाताऱ्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, निजवलं. आता तिला नर्स व्हायचं होतं. पण गेल्या डिसेंबरात ती शरीरशास्त्रात आपटली, आणि यंदा परत बसायचं तर अभ्यासगटात कोण यावं? वीस वर्षांची सिल्ये! एकदा वाचलं की मुलीच्या डोक्यात पक्कं. सगळा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि योरुन आपल्या वहीकडे.

बरं, बाईंनी हे दुखणं स्वतःच वाढवून घेतलं होतं. सिल्येला त्याच वृद्धाश्रमात शनिवारचं काम योरुननेच मुख्य नर्स मार्ग्रेतेला सांगून मिळवून दिलं. दोन महिने झाले नाहीत तोच सत्त्याऐंशी वर्षांचे हाल्वर्द, जे सहा वर्षं शनिवारची तांदळाची लापशी फक्त योरुनच्या हातची खायचे, तेच विचारू लागले, "आज ती छोटी नाही आली?"

"येईल हं," योरुन हसून म्हणायची, आणि लापशीवर दालचिनी जरा जास्तच जोरात भुरभुरायची.

तिघांचा गट दर बुधवारी जमायचा. एकाने एक धडा बाकीच्यांना शिकवायचा. नियम एकच होता. बोलणाऱ्याची चूक झाली, की ऐकणाऱ्याने टेबलावर दोनदा टकटक करायची. वाद नाही, रुसवा नाही. योरुनच्या बोलण्यात टकटक ठरलेली असायची. सिल्येच्या बोलण्यात कधीच नाही.

त्या बुधवारी सिल्येकडे पेशी आणि मीठपाण्याचा धडा होता. फळ्यावर झरझर गोल काढत ती म्हणाली, "रक्तातलं मीठ उतरलं की पेशीतलं पाणी बाहेर धावतं. पेशी सुकते, अगदी मनुका होते."

उलटं! साफ उलटं! बाहेर मीठ कमी झालं की पाणी पेशीच्या आत शिरतं आणि पेशी फुगते. ह्याच प्रश्नाने गेल्या वर्षी योरुनचा घात केला होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने बरोबर सांगितलं असतं.

तिचा हात उचलला गेला. मग मनात आलं, लिहू दे की परीक्षेत असंच. एकदा हिलाही कळू दे. हात हळूच टेबलाखाली गेला. गटातला तिसरा, भाबडा एस्पेन, तेच वाक्य मान खाली घालून उतरवून घेत होता.

"योरुन, बरोबर ना गं?" सिल्येने विचारलं.

"तू सांगतेस म्हणजे बरोबरच असणार."

त्या संध्याकाळी भर पावसात घरी जाताना योरुनला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. वाचकहो, असं हलकं आपल्यालाही कधीतरी वाटलेलं असतं. उगाच नाही म्हणू नका.

शनिवारी ती हाल्वर्दच्या खोलीत लापशी घेऊन गेली. आठवडाभर त्यांचं पोट बिघडलेलं होतं. सिल्ये पलंगाशी बसून त्यांच्या ओठांना पेला लावत होती. शेजारचा पाण्याचा जग रिकामा होता.

"हा दुसरा जग," सिल्ये उत्साहाने म्हणाली. "रक्ताचा रिपोर्ट आलाय, मीठ फार उतरलंय. मार्ग्रेते वरच्या मजल्यावर अडकलीय, म्हटलं तोवर आपण सुरुवात करू. पेशी सुकल्या असतील ना बिचाऱ्यांच्या!"

योरुनने लापशीचा वाडगा तिथेच टेकवला.

"हाल्वर्द, मी कोण?" तिने वाकून विचारलं.

"डोकं... फार दुखतंय," म्हातारा पुटपुटला. त्याची नजर तिच्यावरून सरकली, ओळख न देता. सहा वर्षांची ओळख!

मेंदूच्या पेशी फुगत होत्या, आणि कवटी काही फुगत नाही. गप्प राहिलं असतं तर सिल्ये कायमची उघडी पडली असती. हा विचारही योरुनच्या मनाला चाटून गेला, आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली. तिने पलंगालगतच्या टेबलावर मूठ आपटली. टक! टक!

"थांब! पाणी बंद कर! पेशी फुगतात, सुकत नाहीत. मार्ग्रेतेला हाक मार, पळ!"

पाऊण तासात हाल्वर्द रुग्णालयात होते, नसेतून बेताबेताने मीठ चढत होतं. जीव वाचला, असा दुपारी फोन आला. तेव्हा कुठे सिल्येचं रडू थांबलं.

"तुझ्यामुळे वाचले गं ते," ती योरुनला म्हणाली.

योरुनला ते ऐकवेना. "माझ्यामुळे वाचले नाहीत. मला बुधवारी अभ्यासाच्या टेबलावरच माहीत होतं."

"माहीत होतं?" सिल्ये पांढरी पडली. "मी तुला विचारलं होतं, योरुन."

ती उठून निघून गेली. मुख्य नर्स मार्ग्रेते सगळं ऐकत उभी होती. निवृत्तीला वर्ष उरलेली ही बाई बोलायला लागली की भीड ठेवत नसे.

"न विचारता पाणी पाजलं, त्याचा जाब मी तिला विचारणारच," ती म्हणाली. "पण ती चूक बुधवारी टेबलावरच मेली असती. तू तिला जगवलंस."

"मला तिचा हेवा वाटत होता."

"वाटू दे की! मला काय कुणाचा वाटला नाही? पण शरीरात बघ. बोट कापलं की जखमी पेशी शेजारणीला हाक मारते आणि शेजारीण मदत बोलावते. ती हुशार की मी हुशार, असं बघत बसली तर माणूस मरेल. आपलं काम तसलंच आहे, बाई. इथे तुझ्या गप्प बसण्याची शिक्षा सिल्येला नाही झाली. ज्याला तू सहा वर्षं भरवलंस, त्याला झाली!"

योरुन ओक्साबोक्शी रडली. त्याच संध्याकाळी तिने एस्पेनला फोन करून ते वाक्य खोडायला लावलं.

पुढच्या बुधवारी शिकवायची पाळी तिची होती. सिल्ये आली, पण लांबच्या खुर्चीवर बसली. "आधी मी तुमची दोघांची माफी मागते," असं म्हणून योरुनने धडा सुरू केला. दहा मिनिटांत तिचं एक वाक्य चुकलं. तिला स्वतःला कळलंच नाही. एस्पेनलाही नाही. सिल्येला कळलं होतं. तिचा हात मांडीवर होता, आणि ती बराच वेळ योरुनकडे बघत राहिली.

टक. टक.

"कुठे चुकले?" योरुनने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

हेवा वाटणं माणसाच्या हातात नसेल. पण दुसऱ्याची चूक दिसूनही मूग गिळून बसलो, की ती चूक आपली होते, आणि तिची किंमत बहुधा तिसराच कुणी मोजतो. म्हणून मित्रहो, हात टेबलाखाली नेऊ नका.