नाकातले ऊबदार घर

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. लहानाचा मोठा मी कधी झालोच नाही. एकाचे दोन, दोनाचे चार होत गेलो, एवढेच. आम्ही भावंडे द्राक्षांच्या घडासारखी एकमेकांना बिलगून एका शिंपिणीच्या नाकात राहत होतो. तिथे ऊब होती, ओल होती. ती आपल्या तान्ह्या लेकीची टाळू हुंगायची, तेव्हा दुधाचा गोड वास थेट आमच्या दारात यायचा. आमचा तिला काहीच त्रास नव्हता. कातडी शाबूत असली की आम्हाला आत वाट मिळत नाही.

एकदा गणवेश शिवायची घाई होती. सुई तिच्या अंगठ्यात घुसली. तिने अंगठा फडक्याला पुसला, त्याच अंगठ्याने नाक चोळले आणि पुन्हा मशीन सुरू केले. मी त्या जखमेत उतरलो. तिथे आम्ही भराभर वाढलो. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आमच्यावर तुटून पडल्या. त्या झटापटीत अंगठा सुजला, ठणकू लागला.

“अगं, दाखव तो हात. नुसता टोमॅटो झालाय!” सासू म्हणाली.

“सुई टोचलीय हो, आई. बसेल आपोआप.”

“बसेल म्हणे! अंग बघ कसं तापलंय. ऊठ, चपला घाल.”

डॉक्टरीणबाईंनी पू काढला, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. “बाळाला सध्या आजीच सांभाळू दे,” त्या म्हणाल्या. “इतक्या कोवळ्या कातडीला हे झेपायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.”

पलीकडच्या खोलीत लेक रडली की शिंपिणीचे हात आपोआप पुढे होत. मग ती ते मांडीखाली दाबून बसे. पट्टीच्या आत मीही तळमळत होतो. मला त्या नाकात परत जायचे होते, तिला लेकीजवळ. पण मी अंगठ्यात असेपर्यंत तिला लेक मिळणार नव्हती.

गोळ्यांनी जखमेतली माझी भावंडे संपत गेली. जखम भरली. शेवटच्या पट्टीबरोबर मी कचऱ्याच्या डब्यात आलो. तिने साबणाने हात खसखसून धुतले आणि लेकीला उचलले. लेकीने तिचा अंगठा मुठीत घट्ट धरला. शिंपीण हसता हसता रडू लागली.

मी आता सुकत चाललो आहे. मित्रांनो, मला जपा, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? टोचले, खरचटले तर लगेच धुवा, झाकून ठेवा. माझी काही भावंडे अजून तिच्या नाकात आहेत. त्यांना तिथेच राहू द्या.