शिवानीचं टेस्टोस्टेरॉन

जयनगरची शिवानी चारशे मीटर पळायची, आणि बरं पळायची. मग तिला प्रणीत सर भेटले. सर पुण्याहून आलेले. पळायला शिकवायचे आणि गोळ्या-पावडरींच्या डब्या विकायचे. दोन महिन्यांत तिच्या कपाटात अकरा डब्या जमल्या. ताकदीची, झोपेची, झोप उडवायची आणि केस-नखांसाठी बायोटिनची. नखांमुळे वेळ कसा सुधारतो, हे विचारायची पद्धत नव्हती.

"पोटभर जेव गं," आई सोयराबाई म्हणायची.

"सर म्हणतात, भातानं हार्मोन बिघडतात."

"बरं. म्हणजे तुझे आजोबा बिघडूनच नव्वदीला पोचले."

राज्य स्पर्धेआधी सरांनी सगळ्या मुलींचं रक्त तपासून घेतलं. शिवानीचं टेस्टोस्टेरॉन भलतंच जास्त निघालं. सरांना एकदम आपली तत्त्वं आठवली. सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजेक्शनवाल्यांना माझ्याकडे जागा नाही. कुठून घेतलंस?"

"सर, तुम्ही दिलं तेवढंच घेते."

"माझं सगळं नॅचरल असतं!"

शिवानी घरी येईपर्यंत रिक्षात रडत होती. दुसऱ्या दिवशी आईनं तिला आणि अकराही डब्यांना हार्मोनच्या डॉक्टर कस्तुरींकडे नेलं. डॉक्टर एकेक डबी वाचत बायोटिनपाशी थांबल्या.

"ही तपासणीच्या सकाळीही घेतलीस?"

"सर म्हणाले होते, एक दिवस चुकवायचा नाही."

"एवढं बायोटिन रक्तात असलं की काही यंत्रं फसतात. नसलेलं टेस्टोस्टेरॉन दाखवतात. आठवडाभर सगळं बंद, मग पुन्हा तपासू. पाळी येते का?"

"चार महिने नाही. सर म्हणाले, फिटनेस आलाय."

"फिटनेस नाही, उपासमार आहे ती."

नव्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन अगदी साधं होतं. इस्ट्रोजेन मात्र उपासमारीनं तळाला गेलेलं. शिवानीनं तो कागद सगळ्या मुलींसमोर सरांच्या हातात दिला. सरांनी तो दोनदा वाचला.

"बघा," ते मुलींकडे वळून म्हणाले, "मधूनमधून शरीराला ब्रेक द्यावा लागतो, हे मी कधीपासून सांगतोय." माफी त्यांच्याकडे बहुधा स्टॉकमध्ये नव्हती.

शिवानीनं सर सोडले. त्या वर्षीची स्पर्धाही सोडावी लागली. त्याचं तिला फार वाईट वाटलं. ती भात खात राहिली, पाचव्या महिन्यात पाळी आली आणि पुढच्या वर्षी ती राज्यात तिसरी आली. त्या संध्याकाळी सरांच्या ग्रुपमधल्या दोघी तिला गाठायला आल्या. अभिनंदन उरकून त्यांनी हळूच डॉक्टरांचा नंबर मागितला.