डिफरन्शियलची तक्रार

चढ लागला तसा आजोबांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मान जराशी मागे वळवून ऐकलं. काहीच नाही. गाडी निमूट वर चढत होती, आणि नेमकं तेच त्यांना खात होतं.

मागच्या चाकांच्या मधोमध जो डिफरन्शियल असतो, त्याने गेली दोन वर्षं त्यांचं डोकं उठवलं होतं. चढावर जोर दिला की मागून बारीक, चिरका सूर निघायचा आणि पाय उचलला की थांबायचा. जन्मभर टॅक्सी चालवलेला माणूस. त्यांना तो कसा सोसावा? जेवताना तोच विषय, झोपताना तोच. घरातल्यांचे कान किटले होते ते गाडीमुळे नव्हे, आजोबांमुळे. “गाडी म्हातारी झालीय बाबा, कण्हणारच,” असं म्हणून लेक विषय मिटवायची. आणि आता काही दिवसांपासून तो सूर गायब. आपोआप बरा झालेला डिफरन्शियल त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. लेकीने गुपचूप दुरुस्त करून आणली असणार, दुसरं काय. खूश व्हायला हवं होतं, पण चैन पडेना.

नातीला, ठकीला, शाळेत सोडून त्यांनी गाडी थेट गॅरेजवर नेली.

“काय जादू केलीस रे?”

मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. “कसली?”

“बस तर खरा.”

चढावर आजोबांनी जोर दिला आणि कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. मेकॅनिकने तोंड वाकडं केलं आणि जवळजवळ ओरडूनच म्हणाला, “काका, अजून किती दिवस हे रडगाणं ऐकणार? आता तरी खोलू या.”

आजोबांनी पाय उचलला, पुन्हा दाबला; त्यांना काहीच ऐकू आलं नाही. ओरडतोय कशाला हा, असं विचारायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

“बघू पुढच्या महिन्यात,” ते म्हणाले.

नातीला शाळेत सोडणं आणि आणणं, एवढंच एक काम त्यांच्या वाट्याला उरलं होतं. बाकी घरात ते पाहुण्यासारखेच: पेपर वाचा, वेळेवर जेवा, पंख्याखाली बसा. मध्यंतरी शेजारच्या म्हाताऱ्याने गाडी खांबावर घातली, तेव्हा लेकीने त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, “डोळे, कान, काहीही कमी झाल्यासारखं वाटलं तर आधी मला सांगायचं, बाबा. मागे ठकी बसलेली असते.” त्यांनी शब्द दिला होता, आणि सांगायचं त्यांच्या मनात खरंच होतं. गॅरेजहून आल्यावर त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात घुटमळत राहिले. पाण्याचा पेला भरून घेतला, न पिताच ठेवून दिला.

“काय झालं, बाबा?”

“तो डिफरन्शियल,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “जीव नकोसा केलाय त्याने.”

लेक हसली. “झालं सुरू.”

ते हसणं ऐकून त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी तीच वाट धरली. रोज चढावर ते तोंड वेडंवाकडं करत आणि रोज रात्री तक्रार करत, पूर्वीपेक्षा जरा जास्तच रंगवून. पण गाडी चालवताना जीव थाऱ्यावर नसे. मागून कोणी हॉर्न देत असेल का, म्हणून ते सारखे आरशात बघत, वळणावर उगाच थांबत. मागच्या सीटवर ठकी गाणी म्हणत असे आणि तिचे सगळे शब्द ऐकू येतात ना, हे ते तपासून पाहत.

एके दिवशी लेक गाडी घेऊन कामाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी “मलाही पुढे सोडा” म्हणत ती ठकीशेजारी मागे बसली. दोघींचं काहीतरी शिजत होतं. कोपरखळ्या चालल्या होत्या. चढ आला तशा दोघी पुढे झुकल्या.

आजोबांनी जोर दिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ऐकलंस? आज तर फारच वाढलाय. गाडीत बसवत नाही.”

मागच्या कोपरखळ्या थांबल्या.

“पण आजोबा,” ठकी म्हणाली, “आईने तर कालच ते दुरुस्त करून—”

लेकीने तिचा हात दाबला. आजोबांना ते आरशात दिसलं.

“हो बाबा,” लेक म्हणाली. “ऐकलं मी.”

शाळा आली. ठकी वळून वळून बघत फाटकातून आत गेली. लेक काही विचारेल म्हणून आजोबा थोडं थांबले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. इतके दिवस स्वतः खोटं बोललो ते एकवेळ ठीक, पण आज तिलाही बोलायला लावलं, याची त्यांना फार लाज वाटली.

ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने लेक मागून उतरून पुढे आली. तिने दार ओढून घेतलं, पण कालसारखाच आजही तिचा पाय क्लचपर्यंत नीट पोचेना.

“सीट पुढे घे,” आजोबा म्हणाले. “खालचा खटका ओढ. जरा जोरात ओढावा लागतो.”