गोगलगाय डायमंडमध्ये

धाकट्याचा उजवा हात मनगटात मोडला तेव्हा त्याने डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले. दातांच्या कामाला परत कधी बसता येईल आणि माऊस कधी धरता येईल. डॉक्टरांनी दोन्हींना मिळून एकच उत्तर दिलं: सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम, मग बघू.

माझा भाऊ दात घडवतो. डॉक्टर माप पाठवतात, आणि हा प्रयोगशाळेतल्या आपल्या टेबलावर बसून आधी मेणात दात कोरतो, मग त्यावरून खरी कॅप बनते. एका दाढेला तो अख्खी सकाळ घालवतो. घरात त्याचं नाव गोगलगाय, कारण लहानपणी याचं जेवण संपेपर्यंत बाकीच्यांची भांडी घासून व्हायची. गेममध्येही त्याने हेच नाव घेतलं होतं.

गेम साधा आहे. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, बंदुका घेऊन. जिंकलात की गुण वाढतात, हरलात की कापले जातात, आणि गुणांवर रँक ठरते: सगळ्यात खाली ब्राँझ, मग सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड. रँकचा बिल्ला सगळ्यांना दिसतो. त्याच्या मागे एक आकडा असतो, तो कोणालाच दिसत नाही. गेम त्या आकड्यावरून तुमच्या तोडीची माणसं समोर आणतो, म्हणजे दहापैकी पाचेक मॅच तुम्ही जिंकाव्यात. आणि दोन आठवडे फिरकलाच नाहीत तर रँक आपोआप घसरू लागते. गोल्ड मिळवायला धाकट्याने तीन वर्षं घातली होती.

म्हणून त्याने मला पासवर्ड दिला. खातं दुसऱ्याच्या हाती देणं नियमात बसत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. आठवड्यातून एक मॅच खेळ, म्हणाला, जिंकायचंबिंकायचं नाही, नुसती हजेरी लाव.

मी कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायचं काम करते. दोन वाजता पाळी सुटते. धाकटा त्या वेळी प्रयोगशाळेत डाव्या हाताने फोन घेत असायचा. पहिल्या आठवड्यात मी एकच मॅच खेळले आणि जिंकले. संघातल्या कोणीतरी लिहिलं, "वा, गोगलगाय." नऊ वर्षांत कारखान्यात मला कोणी वा म्हटलेलं नाही. चाळीस थर कापड एका रेषेत कापलं तरी मुकादम पुढच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवतो. त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. मी लगेच दुसरी मॅच लावली.

हा गेम धाकट्याला मीच शिकवला होता. मग पाळ्या सुरू झाल्या आणि माझं स्वतःचं खातं धूळ खात पडलं. त्यावर खेळता आलं असतं. पण तिथे पार तळापासून चढायचं होतं आणि इथे गोल्ड आयतं हातात होतं. तेव्हा मी मनाला सांगितलं की भावासाठीच तर करतेय. सहा आठवड्यांत त्रेसष्ट मॅच खेळले. प्लॅटिनम गेलं, डायमंड आलं. रोज दुपारी मी त्याच्या खुर्चीत बसायचे आणि उठताना खुर्ची होती त्या उंचीवर करून ठेवायचे. असं करावं लागतंय यातच सगळं आलं होतं, पण कळून घ्यायचं नसलं की कळत नाही.

प्लास्टर निघायला चार दिवस राहिले तेव्हा मला घाम फुटला. गेममध्ये मागच्या वीस मॅचची यादी दिसते. मी बिनगुणांच्या सरावाच्या वीस मॅच भराभर खेळले, म्हणजे खऱ्या मॅच यादीतून खाली ढकलल्या जाव्यात. कारखान्यात फाटलेला थर मधे दडवून गठ्ठा पुढे पाठवणाऱ्या बाईला मी एकदा चारचौघांत झापलं होतं. यादी सरकवताना मला तीच आठवत होती.

प्लास्टर निघाल्यावर धाकट्याने बिल्ला पाहिला आणि खुर्चीतून उठलाच. मी सांगितलं की सीझन बदलला, या वेळी सगळ्यांनाच वर ढकललंय. त्याला पटलं. सीझन बदलला की रँका खालीवर होतातच. शिवाय माझ्यावर अविश्वास दाखवायचं त्याला काही कारण नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर बसण्याआधी त्याला गेममध्ये हात पारखायचा होता. मेणात चूक झाली तर ती कोणाच्या तरी तोंडात जाते, म्हणाला, इथे चुकलं तर कोणाचं काही बिघडत नाही. आणि गेमचा आकडा माणसांसारखा उगाच धीर देत नाही. पहिल्या दिवशी तो तीन मॅच खेळला, तिन्ही हरला. दुसऱ्या दिवशी चार. समोरचे त्याला दिसायच्या आत तो मरून पडत होता. माझ्या मापाचे कपडे मी त्याच्या अंगात चढवले होते आणि तो आपलं शरीरच चुकलंय असं समजत होता.

मला हे पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. तरी मी गप्प बसले, कारण मी हिशेब मांडला होता. असाच हरत राहिला तर गेम त्याला आपोआप खाली आणेल. वीसेक मॅच हरला की तो परत आपल्या तोडीच्या माणसांत जाईल, जिंकायला लागेल, आणि कोणाला काही कळणार नाही. सख्खा भाऊ लवकर लवकर हरावा म्हणून मी दाराआडून कान देऊन बसत होते.

एकदा त्याने मला हाक मारून पडदा दाखवला. संघातल्या एकाने लिहिलं होतं, "याला कोणीतरी खेळून वर चढवलंय." धाकटा हसला. म्हणाला, बघ ताई, लोकांना काय काय सुचतं. मीही हसले. चांगली मोठ्याने हसले.

चौदा मॅच हरल्यावर त्याने खेळणं बंद केलं. तेव्हा तो प्लॅटिनमच्या मध्यावर आला होता, म्हणजे माझ्या हिशेबाने घर थोडंच राहिलं होतं. मग रविवारी आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. त्याचा व्यायामाचा रबरी चेंडू तिला चपलांच्या कपाटात सापडला होता आणि त्याच्या टेबलावर एक अर्ज. अर्ज तिने मला वाचायला दिला. हाताला पूर्वीची स्थिरता राहिलेली नाही, तरी मला कायमचं फोन आणि पार्सलच्या कामावर घ्यावं. सोमवारची तारीख घातली होती. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी त्याचं टेबल महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलं होतं. हा अर्ज गेला की ते दुसऱ्याला मिळणार होतं.

मी त्याच्या खोलीत गेले. तो बंद पडद्यासमोर बसला होता, उजवा हात मांडीवर पालथा ठेवून. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सीझनचं खोटं, सरकवलेली यादी, सगळं. ते वर चढवल्याचं वाक्य लिहिणारा खरं बोलत होता हेही सांगितलं. 

"किती मॅच?" त्याने विचारलं.

"त्रेसष्ट."

"जिंकलीस किती?"

"चव्वेचाळीस."

 त्याने हात उलटा केला, बोटं मिटली, उघडली. "तीन आठवडे मी या हाताला शिव्या घालतोय," तो म्हणाला. "तू शेजारच्या खोलीत होतीस."

 मी म्हटलं की मी खेळून मुद्दाम हरते, तुझी रँक आजच्या आज जिथल्या तिथे आणून देते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड लपवावंसं वाटलं. माझ्याबरोबर जे चार जण असतील त्यांनी काय घोडं मारलंय, विचारलं त्याने. हे मला सुचलंच नव्हतं.

मग त्याने कोपऱ्यातलं स्टूल पायाने माझ्याकडे ढकललं.

"मी खेळतो. तू बस. हे लोक जे जे लिहितील ते मोठ्याने वाच."

मी वाचलं. पहिल्या मॅचमध्ये "झोपलास का". दुसऱ्यात "डोळे गहाण टाकलेत". तिसऱ्यात एकाने आमच्या आईवरून लिहिलं. मी तिथे थांबले तर धाकट्याने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, तेही. मी वाचलं. दारात आई उभी होती. चौथी हरला, पाचवी हरला. सहाव्यात कोणीतरी लिहिलं, "ही रँक याची नाही." मी ते पुटपुटत वाचलं. तो म्हणाला, ऐकू नाही आलं. मी पुन्हा वाचलं.

सातवी तो थोडक्यात हरला. आठवी जिंकला. तो एका भिंतीआड दबा धरून बसला होता, नेहमीसारखा, गोगलगाईसारखा, आणि शेवटचा गडी समोरून आला तेव्हा हात जराही हलला नाही. ते मी अगदी जवळून पाहिलं. नववी हरला. दहावी आणि अकरावी जिंकला. समोरची माणसं आता त्याच्यासारखीच होती, कधी चुकणारी, कधी न चुकणारी.

पडद्यावर बिल्ला आला.

"वाच," तो म्हणाला.

"गोल्ड."

"कोणाचं?"

"तुझं."

त्याने मान हलवली. अर्ज घडी करून खणात टाकला आणि आईला हाक मारून चेंडू मागितला. उद्या टेबलावर बसून एक दाढ कोरून बघतो, असं तो तिला म्हणाला, मला नाही. मी स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि जरा वेळ तिथेच रेंगाळले. आणि डायमंड कोणाचं होतं, एवढं त्याने विचारावं, असं मला वाटत होतं. इतकं सगळं होऊनही वाटत होतं. त्या दिवशी सगळ्यात जास्त लाज मला त्या इच्छेची वाटली.